सीएसआरचे पैसे सातपुड्यातल्या आरोग्यावर: फिरता दवाखाना, रुग्णवाहिका, शिबिर की आणखी काही?

प्रश्न असा आहे. जळगाव एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीकडे सीएसआरचे, म्हणजे कायद्याप्रमाणे समाजकार्यावर खर्च करायचे, वर्षाला साधारण ६० लाख रुपये आहेत आणि तीन वर्षं ते मिळत राहतील. संचालकांना ते नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात आरोग्यासाठी खर्च करायचे आहेत. समोर तीन प्रस्ताव आहेत: फिरता दवाखाना, दोन रुग्णवाहिका किंवा दर महिन्याला एक मोठं आरोग्य शिबिर. कंपनीतल्या ताई विचारतात, "तुम्ही या भागात बरीच वर्षं आरोग्याचं काम करताय. यातलं काय निवडावं?"

ताई, माझं मत आधीच सांगते. तिन्हींपैकी एकही निवडू नका. पैसे तिथे आधीपासून उभ्या असलेल्या व्यवस्थेत घाला, म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा आणि अंगणवाडीत. प्रस्ताव कोणताही असो, पहिल्याच बैठकीत विचारा की चौथ्या वर्षी हे कोण चालवणार आणि कोणत्या पैशातून. ज्याला याचं उत्तर देता येत नाही, तो प्रस्ताव कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा.

फिरत्या दवाखान्याकडे कंपन्यांचा ओढा सगळ्यात जास्त असतो. गाडी दिसते, तिच्यावर नाव लिहिता येतं, रोज किती रुग्ण तपासले याचा आकडा मिळतो. पण धडगाव तालुक्यातलं गाव तापीकाठच्या गावासारखं एका जागी वसलेलं नाही. एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला तास-दोन तास चालावं लागतं. गाडी डांबर संपतं तिथे थांबते. तिथवर येतो तो ज्याला चालता येतं तो. तापाने फणफणलेलं तान्हं बाळ, आठव्या महिन्यातली अंगावर सूज आलेली बाई, क्षयाने खंगलेला माणूस वरच्या पाड्यावरच राहतो. गाडीजवळ कंबरदुखी, खोकला, खरूज, अशक्तपणा सांगणारे जमतात. त्यांनाही औषध हवंच, पण तेवढं औषध उपकेंद्रात मिळायला हवं आणि मिळू शकतं.

दुसरी अडचण सातत्याची. रक्तदाब, मधुमेह, फिट, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), क्षय या सगळ्यांना रोज गोळी लागते. एका पाड्यावर एका आजोबांनी कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट मला काढून दाखवलं होतं. कुठल्याशा शिबिरात त्यांचं बीपी वाढलेलं निघालं होतं आणि त्यांना पाच गोळ्या मिळाल्या होत्या. गोळ्या संपल्या, बरं वाटलं, विषय संपला. शिबिराच्या अहवालात त्यांची नोंद "उपचार दिला" अशीच झाली असणार. पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं ते पुढच्या गाडीवाल्याला "हीच द्या" म्हणून दाखवायला. त्यांच्याच गावाच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि बीपीची महिन्याभराची औषधं तिथे मोफत मिळू शकतात, हे आजोबांना कुणीच सांगितलं नव्हतं. पाच गोळ्यांपेक्षा हे एक वाक्य त्यांच्या जास्त कामाचं होतं.

शिबिराबद्दल यापेक्षा वेगळं सांगायचं नाही. मोतीबिंदूसारखी एका शस्त्रक्रियेत काम संपणारी गोष्ट असेल, रुग्णाला नेण्या-आणण्याची आणि महिन्याभराने पुन्हा तपासण्याची सोय आधीच लागली असेल, तर शिबिर जरूर घ्या. बाकी सर्व रोग निदान शिबिरं मी थांबवायला सांगते.

रुग्णवाहिकेचा विचार जरा जास्त करायला हवा, कारण गरज खरी आहे. राज्याची १०८ सेवा २०१४ पासून आहे, गरोदर बाई आणि बाळासाठी १०२ आहे. गाड्या कमी पडतात, घाटात उशीर होतो, पावसाळ्यात चांदसैलीच्या घाटात दरड कोसळली की तळोद्याकडे येणारा रस्ताच बंद होतो, हे सगळं खरं आहे. तरीही अनेकदा माणूस दगावतो तो पाड्यापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर, जिथे चादर बांबूला बांधून केलेल्या झोळीतून चार जण त्याला खांद्यावर आणत असतात. नवी कोरी रुग्णवाहिका त्या वाटेवर चढत नाही. शिवाय कंपनी गाडी देते, पण चालकांचा पगार, डिझेल, टायर, विमा आणि रात्रीची पाळी कुणाकडे राहणार हे ठरवत नाही. दोन पावसाळ्यांत ती गाडी केंद्राच्या मागच्या बाजूला उभी राहते. मला विचाराल तर दोन रुग्णवाहिकांच्या किमतीत खूप पाड्यांना घडीचे, हलके, पट्टे असलेले स्ट्रेचर देता येतात, पाड्यातल्या चार-सहा तरुणांना रक्तस्राव, फिट, सर्पदंश झालेल्याला कसं आणायचं हे शिकवता येतं, आणि पावसाळ्याआधी वाटेचा वाहून गेलेला तुकडा दुरुस्त करता येतो.

ही अडचण फक्त सातपुड्याची नाही. गरीब देशांत मोठमोठ्या कंपन्यांनी आरोग्यावर केलेल्या दानधर्मातलं जे टिकलं, त्यात दोन गोष्टी समान दिसतात: मुदत लांब होती आणि काम तिथल्याच माणसांच्या हातून झालं. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा एक कृमीरोग माणसाला आंधळा करतो. त्यावरचं आयव्हरमेक्टिन हे औषध मर्क या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये मोफत द्यायचं जाहीर केलं, लागेल तितकं आणि लागेल तोवर. आफ्रिकेत ते वाटलं गावाने निवडलेल्या गावातल्याच माणसांनी. या रोगातून मुक्त झालेला पहिला देश कोलंबिया. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केलं २०१३ मध्ये, आणि आफ्रिकेतल्या पहिल्या देशावर, नायजरवर, २०२५ मध्ये. इतकी वर्षं लागली. तीन वर्षांच्या प्रकल्पात यातलं काहीच दिसलं नसतं.

आपल्याकडचं उदाहरण रोज डोळ्यांसमोर असतं. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात. त्यांना सहा किंवा बारा महिन्यांची बहुविध औषधांची पाकिटं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ही औषधं २००० पासून नोव्हार्टिस कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दान देत आली आहे. कंपनीने गावोगाव स्वतःचे कुष्ठरोग दवाखाने उघडले नाहीत. रुग्ण आशा शोधते, निदान सरकारी डॉक्टर करतो, महिन्याची मात्रा कर्मचारी समोर बसून देतो. कंपनीचं दान त्या साखळीत एका जागी बसतं आणि म्हणून टिकतं.

घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हेही असंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०११ पासून हे काम देशभरातल्या आशांकडे आलं. झारखंडच्या सरायकेला-खरसावां जिल्ह्यात टाटा स्टीलने याच पद्धतीला पैसा दिला, पण वेगळे कार्यकर्ते न नेमता तिथल्या सरकारी सहियांना, म्हणजे आपल्या आशांनाच, प्रशिक्षण आणि मागे उभं राहणारी माणसं दिली. मध्यम कंपनीलाही हा नमुना झेपतो.

आता ६० लाख नेमके कुठे लावायचे ते सांगते.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. नंदुरबार म्हटलं की कुपोषण हा शब्द वर्तमानपत्रात येतोच, पण मूल तीव्र कुपोषित आहे की नाही हे ठरतं तीन साधनांवर: वजनकाटा, उंची मोजायची फळी आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित. मी अंगणवाड्यांमध्ये असे लटकते काटे पाहिले आहेत की ज्यांना काहीही अडकवलेलं नसताना काटा शून्याच्या पुढे गेलेला असतो, कारण आतली स्प्रिंग सैल पडलेली. पाच किलोच्या बाळाच्या वजनात तेवढी चूक झाली की ते ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना सावरायच्या गावातल्या केंद्रात, जायच्या ऐवजी "साधारण" म्हणून घरी जातं. नवे काटे खरेदी करणं सोपं आहे. पण जळगावच्या प्रत्येक चांगल्या कारखान्यात गुणवत्ता विभाग असतो, तिथे प्रमाणित वजनं असतात आणि काटा तपासणारा माणूस असतो. तुमच्या त्या माणसाने दर सहा महिन्यांनी तालुक्यात येऊन सगळे काटे तपासले, सेविकांना रोज रिकाम्या काट्याचं शून्य कसं जुळवायचं आणि पाच किलोच्या वजनाने काटा कसा पडताळायचा ते दाखवलं, तर ते काम तालुक्यात दुसरं कुणीच करत नाही. कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत सीएसआरच्या हिशेबात धरता येत नाही. तरीही हे करा. तुमच्या कंपनीला येतं आणि आरोग्य खात्याला येत नाही अशी ही खरी गोष्ट आहे.

मग वीज. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. प्रसूतिगृहात बाळ गरम ठेवायचं यंत्र रात्री चालू राहायला हवं. डोंगरातल्या केंद्रांवर सौर पॅनल बऱ्याच ठिकाणी बसले आहेत, पण छतावर पॅनल चकाकतो आणि खाली बॅटऱ्या मेलेल्या, असं चित्र दिसतं. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतो, बॅटरी चार-पाच वर्षांतच बदलावी लागते, आणि देणाऱ्याने बॅटरी बदलण्याचे पैसे ठेवलेले नसतात. नवा पॅनल देऊ नका. जुन्यांची पाहणी करा, बॅटऱ्या बदला, वायरिंग नीट करा आणि तालुक्यातल्याच आयटीआय झालेल्या दोन पोरांना महिन्याच्या फेरीवर ठेवा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी आधीच ऑक्सिजन प्रकल्प उभे करून ठेवले होते, म्हणून जिल्ह्याची धावपळ वाचली, याचं देशभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण अशा प्रकल्पालाही नंतर फिल्टर, वीजबिल आणि चालवणारा माणूस लागतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या केंद्राला नाही म्हणू नका, भले त्यात उद्‌घाटन करण्यासारखं काही नसलं तरी.

माहेरघरावर मी जरा जास्त बोलते, कारण माझ्या मते तुमच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग तिथे होईल. दुर्गम भागातल्या गरोदर बाईने प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं म्हणून ही सरकारी योजना आहे. खोली असते, खाट असते, तरी खोल्या रिकाम्या का राहतात? बाईच्या जागी बसून विचार करा. घरी दोन लहान लेकरं आहेत, ती कुणाकडे ठेवायची? सोबत सासू किंवा नवरा आला तर त्याचं जेवण कुठे? त्या दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. जेवणात चपाती आणि पातळ वरण मिळतं, तिला ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी लागते. संडास लांब आणि रात्री अंधार. बोलायला पावरी किंवा भिलोरी येणारं कुणी नाही. यातली एकही अडचण डॉक्टरी नाही आणि प्रत्येकीला लागणारा पैसा थोडा आहे. सोबतच्या माणसाचं आणि मुलांचं जेवण, गावातल्याच बचत गटाची स्वयंपाकीण, पाड्यावरून आणायला जीपचं भाडं, दिवा, दार लागणारं न्हाणीघर, आणि आठवड्यातून एकदा आधी तिथे बाळंत झालेल्या बाईला बोलावून गप्पा. एवढं केलेल्या ठिकाणी खोल्या भरलेल्या मी पाहिल्या आहेत. सरकारी नियमात बसत नाही ते जेवण आणि ते जीपभाडं कंपनीच्या पैशातून निघतं, बाकी सगळं सरकारचंच.

भाषेची अडचण नंदुरबारच्या मोठ्या रुग्णालयातही आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत आदिवासी ६९ टक्के. डोंगरातला माणूस केसपेपरच्या खिडकीपाशी येतो तेव्हा त्याला रक्त कुठे द्यायचं, एक्स-रे कुठे, परत कधी यायचं हे मराठीत भराभर सांगितलं जातं. तो मान हलवतो, बाहेर येऊन झाडाखाली बसतो आणि संध्याकाळी गावाकडची गाडी पकडतो. पावरी, भिलोरी, मावची बोलणारे चार-पाच मदतनीस दोन पाळ्यांत ठेवायचा वर्षाचा खर्च एका रुग्णवाहिकेपेक्षा कमी येईल. मदतनीस सोबत असला की रुग्ण सगळीकडे फिरेल, कागद समजून घेईल, गोळ्या कशा घ्यायच्या ते घरी जाऊन सांगू शकेल. गावातल्या बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, आधी जाऊन आलेल्या माणसाला हिणवायचं नाही, एवढं मात्र मदतनिसाला शिकवा. तो माणूस पुढच्या वेळी लवकर येईल की उशिरा, हे त्या एका वागणुकीवर ठरतं.

सिकलसेलबद्दल सावध राहा. भिल, पावरा, मावची समाजांत हा आजार बराच आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य आहे. त्यामुळे "आमचं नाव घाला, दहा हजार तपासण्या करून देतो" म्हणणाऱ्या संस्था तुमच्याकडे येतील. गावात केलेली सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकलचा दोष आहे एवढंच सांगते, तो माणूस वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण हे ती सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. तपासणी झाली, कार्ड मिळालं, पुढे काहीच नाही, अशी तरुण मुलं मी पाहिली आहेत. रुग्णाला फॉलिक अॅसिड, डॉक्टरांनी सांगितलं तर हायड्रॉक्सियुरिया, त्यावर असताना वेळोवेळी रक्ताची तपासणी, वेदनेचा झटका आला की रात्री जायची सोय, आणि गरज पडली तर रक्त, एवढं सगळं आयुष्यभर लागतं. पैसा इथे लावा. दहा हजार लोकांना तपासण्यापेक्षा आधीच सापडलेल्या दोनशे रुग्णांच्या गोळ्या वर्षभर चुकणार नाहीत याची हमी घ्या. आणि कार्ड हातात धरलेल्या मुलीचा फोटो फलकावर किंवा अहवालात कधीही छापू नका. तिच्या लग्नाचा प्रश्न असतो, वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे हे अजून अनेक घरांना माहीत नाही.

आता वेळापत्रकाबद्दल, कारण चांगले प्रकल्पही इथे फसतात. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, मंजुरी सभेनंतर येते, पैसे संस्थेच्या खात्यावर ऑक्टोबरच्या आसपास पडतात, माणसं नेमेपर्यंत दिवाळी. आणि दिवाळी झाली की सातपुड्यातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. लोक ऊसतोडीला, बांधकामावर, शेतमजुरीला गुजरातेत जातात, बारडोली-सुरतपासून सौराष्ट्रापर्यंत, आणि परततात ते होळीला. म्हणजे तुमचे पैसे जोरात खर्च होणारे जानेवारी ते मार्च हे महिने पाड्यांवर माणूस नसण्याचे आहेत. उलट मूल सर्वात जास्त खालावतं ते जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, घरातलं धान्य संपलेलं, आईबाप दिवसभर शेतात, हगवण आणि हिवताप चालू, रस्ते बंद. नेमकं तेव्हा प्रकल्पाच्या खात्यात पैसे नसतात.

कायद्यात यावर वाट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो हे तुम्हाला माहीतच आहे. २०२१ च्या बदलांनंतर संचालक मंडळाने प्रकल्प "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर केला, तर सुरू झाल्याचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. त्यातला न खर्चलेला पैसा ३१ मार्चनंतर ३० दिवसांच्या आत वेगळ्या खात्यात टाकायचा आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर वापरायचा. तसं मंजूर केलं नाही, तर उरलेला पैसा सहा महिन्यांत त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या एखाद्या निधीत भरावा लागतो, म्हणून मार्चमध्ये सगळे घाईने ब्लँकेटं आणि किट वाटत सुटतात. पहिल्याच ठरावात "चालू प्रकल्प" हे शब्द असू द्या आणि खर्चाची मोठी बाजू जून ते सप्टेंबरमध्ये टाका. ज्या संस्थेमार्फत काम कराल तिची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सीएसआरचं काम घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, तपासा. कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, पण संस्थेच्या पर्यवेक्षकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. तो कापून काटकसर दाखवू नका. डोंगरात फिरणारा पर्यवेक्षक नसेल तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

सही कुणाची घ्यायची यात बाहेरच्यांचा फार गोंधळ होतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि त्यावरचं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाकडे. कुपोषित मुलाचं वजन एक खातं करतं आणि त्याला औषध दुसरं देतं, तेव्हा करारावर दोघांच्याही सह्या हव्यात. दिलेलं प्रत्येक यंत्र केंद्राच्या डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलं की नाही ते स्वतः पाहा. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, आणि रजिस्टरला नोंद नसलेलं यंत्र बंद पडलं की दुरुस्तीच्या सरकारी कंत्राटात ते धरलंच जात नाही.

चौथ्या वर्षाचा पैसा कुठून येईल हेही इथेच ठरतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा आता दोन-दोन वर्षांचा होतो, आणि जिल्हा नियोजनात आदिवासी उपयोजनेचा वेगळा निधी असतो. मदतनिसांचा पगार किंवा माहेरघरातलं जेवण पुढे सरकारने उचलावं असं वाटत असेल, तर प्रस्ताव तुमच्या दुसऱ्या वर्षातच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचायला हवा, सोबत वर्षभराचा नीट हिशेब आणि किती बायका आल्या त्याची नोंद जोडून. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पळापळ करून काही होत नाही. रुग्ण कल्याण समितीकडून थोडा वाटा पहिल्या वर्षापासूनच घ्या, अगदी दिव्याचं बिल का असेना, म्हणजे खर्च त्यांच्या हिशेबात शिरतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. धडगावच का? तुमच्याच जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि तडवी वस्त्या आहेत, यावलला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे. केळीच्या पट्ट्यापासून तासाभरावर तीच अडचण, तोच आजार. कायदाही कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. मुख्य म्हणजे जळगावहून यावलच्या वरच्या वस्तीवर सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तुम्ही महिन्याला एकदा स्वतः जाऊ शकाल आणि तुमचा काटे तपासणारा माणूसही जाऊ शकेल. संचालकांचं मन नंदुरबारवरच असेल तर एकच प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या, आदिवासी भागात एका केंद्राखाली साधारण २० हजार लोकसंख्या धरतात, तेवढीही पुष्कळ आहे. पूर्ण तालुका घेतलात तर ६० लाख पातळ होऊन जातील.

अहवालात किती लोकांना "लाभ" झाला हा आकडा मागू नका, कारण तो मागितला की संस्था शिबिरंच घेते. त्याऐवजी विचारा: सहा महिन्यांपूर्वी बीपीची गोळी सुरू झालेल्यांपैकी या महिन्यात किती जणांनी ती नेली? मागच्या पावसाळ्यात तीव्र कुपोषित निघालेली मुलं आज कुठे आहेत, त्यातली स्थलांतरात गेलेली किती, आणि गुजरातमधल्या अंगणवाडीला त्यांची माहिती कळवली का? प्रसूतिगृहात किती रात्री वीज गेली? बाळाला भेटायला आशा ठरलेल्या सगळ्या दिवशी गेली का, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, आणि गेली नसेल तर वाटेत काय आडवं आलं? उत्तरं वाईट आली तर संस्थेचे पैसे तोडू नका. खरं उत्तर देणारी संस्था टिकवून ठेवा.

संचालकांची पहिली भेट फेब्रुवारीत न ठेवता जुलैच्या शेवटी ठेवा आणि मुक्काम आरोग्य केंद्राच्या आवारातच करा. त्याआधी केंद्रातल्या परिचारिका, दोन-चार आशा आणि सेविका यांना वेगळं बसवून, साहेबांच्या मागे, काय अडतं ते विचारून घ्या. त्यांची यादी आणि तुमचा प्रस्ताव यांत फरक पडला, तर त्यांची यादी घ्या. कराराचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, यंत्रांच्या देखभालीचा खर्च आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांची तरतूद मी ओळीओळीने बघून देईन.